जीपने एअर धरली आणि आरटीओची तारीख जवळ आली

आमच्या डिझेल जीपच्या आरसीवर १० जून २०२४ ही तारीख होती. त्या दिवशी तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुढे चालवायची तर नोंदणीचं नूतनीकरण हवं, नूतनीकरणाला चालू पीयूसी हवी, आणि डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धूर मोजणार. आमची जीप तर मार्चपासून अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला की गचके देऊन बंद पडत होती.

मी मेकॅनिक नाही. कोंढाळीजवळ आमची संत्र्याची बाग आहे, राहणं नागपुरात दाभ्याला. बाबा होते तोवर जीपचं सगळं तेच पाहायचे. नंतर गाडी माझ्या नावावर झाली आणि बोनेटखालची उठाठेवही माझ्याकडे आली. जुनी डिझेल गाडी असलेल्या कुणाला 'डिझेलचा पंप गेला' असं सांगण्यात आलं असेल, तर त्याने पैसे मोजण्याआधी हे वाचावं एवढ्यासाठी खर्चासकट लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: आमची जीप जुन्या मेकॅनिकल रोटरी पंपाची आहे, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून डिझेल दाबणाऱ्या पंपाची. सीआरडीआय गाडीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या नव्या डिझेल इंजिनाला, यातलं सगळं लागू होत नाही. जिथे नाही तिथे सांगेन.

सुरुवात मार्चमध्ये झाली. मृग बहाराची शेवटची तोड चालू होती. मोठा माल टेम्पोने कळमन्याच्या बाजारात जायचा, उरलेले क्रेट जीपने. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये उठणारी गाडी लांबलांब सेल्फ खाऊ लागली. उठली की आधी अडखळायची, थोडा पांढरा धूर सोडायची आणि मग काही झालंच नाही अशी चालायची. त्यानंतर अमरावती रोडवर ट्रकला ओव्हरटेक करताना दम सोडायला लागली. साठाच्या वेगाला शहाणी, ऐंशीच्या पुढे आजारी.

मी डायरीत दोन गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. टाकी अर्ध्याच्या वर असली की त्रास कमी. बागेतल्या उतारावर तोंड वर करून रात्रभर उभी केली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास सगळ्यात जास्त. तेव्हा यातून मला काही उमगलं नव्हतं, पण पुढे एका मिस्त्रींनी या दोन ओळींवरूनच अर्धं निदान केलं. तेव्हा गाडी दाखवायला नेताना 'पिकअप नाही' एवढंच सांगू नका. थंड असताना की गरम, टाकी किती भरलेली, चढावर की सपाटीवर, हे लिहून न्या.

एप्रिलमध्ये एका डिझेल लॅबमध्ये दाखवली. त्यांनी बोनेट उघडून सेल्फ मारला, ऐकलं आणि सांगितलं: पंप उतरवून खोलावा लागेल, कॅलिब्रेशन (पंपाची मापं जुळवणं), नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) तपासणी, साधारण चौदा हजार, पार्ट लागले तर वेगळे, आणि गाडी आठवडाभर ठेवून जा. कदाचित बरोबरही असेल, असं वाटून मी परत आले. पण चौदा हजार आणि आठवडा, दोन्ही एकदम सोडायची तयारी होत नव्हती. दुसरीकडे आरटीओचं घड्याळ चालू झालं होतं. नोंदणीची मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, म्हणजे ११ एप्रिलपासूनच दार उघडं होतं. उशीर झाला की चारचाकीला महिन्याला पाचशे रुपये जास्तीचे. शिवाय मुदत संपलेल्या आरसीवर गाडी चालवताना अपघात झाला तर विम्याचं काय होईल, हा विचार रात्री डोकं खायचा.

पंपाच्या आधी स्वस्तातलं करून पाहू, म्हणून फिल्टर. घाट रोडवरून ४८० रुपयांना फिल्टर आणला आणि सोबत तांब्याचे वॉशर घेतले, दहा-दहा रुपयांचे. हे वॉशर एकदा दाबले गेले की बसतात. तेच पुन्हा वापरले तर डोळ्यांना न दिसणारी फट राहते. फिल्टरपेक्षा या दहा रुपयांच्या चकत्यांनी लोकांना जास्त रडवलेलं आहे, हे मला नंतर कळलं.

५ मे, रविवार. भाचा मदतीला आला. जुना फिल्टर काढण्याआधी त्याच्या बुडाचा ड्रेनचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढलं. बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवली तर तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसला आणि त्या दोन थरांच्या मध्ये काळपट कण तरंगत होते. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी कायम खाली. ही बरणीची तपासणी फुकटात होते आणि टाकीत काय चाललं आहे याची खबर देते. प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा काच बरी, थर स्वच्छ दिसतो.

नवा फिल्टर बसवला की आतली सगळी जागा हवेने भरलेली असते. पेट्रोल गाडीला त्याचं फारसं काही वाटत नाही. डिझेलचा पंप मात्र डिझेल दाबून नोझलपर्यंत पोचवतो. नळीत हवा असली तर पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यात जातो, नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही आणि इंजिन नुसतं फिरत राहतं. यालाच आपल्याकडे 'एअर धरली' म्हणतात. ती काढून लाईन डिझेलने भरायची म्हणजे प्रायमिंग. आमच्या जीपला फिल्टरच्या डोक्यावरच काळं बटण आहे, हाताने दाबायचा छोटा पंप. त्याच्या शेजारी एअर सोडायचा स्क्रू.

आम्ही असं केलं. खाली जुनं कापड अंथरलं, स्क्रू दोन आटे सैल केला आणि भाच्याने बटण सावकाश दाबायला सुरुवात केली. पहिल्यांदा नुसता फुसफुस आवाज. मग फेस. मग फेसातून डिझेल, त्यात मधूनच मोठा बुडबुडा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागलं की बटण दाबलेल्या स्थितीतच स्क्रू आवळायचा, नाहीतर बटण सोडताना तीच हवा परत आत. त्यानंतरही दाबत राहायचं, बटण कडक होईपर्यंत. कडक झालं म्हणजे पुढे पंपापर्यंत लाईन भरली. घाई करून जोरजोरात दाबण्यात काही अर्थ नाही. बटण पूर्ण वर येऊ द्यायचं, तेव्हाच ते टाकीतून ओढतं.

सेल्फ मारला, गाडी थोडी अडखळली आणि उठली. तो पूर्ण दिवस नीट चालली. आम्ही खूश. सोमवारी सकाळी पुन्हा तोच लांब सेल्फ, आणि बोनेट उघडून बटणाला हात लावला तर मऊ! काल दगडासारखं कडक असलेलं बटण रात्रीतून मऊ पडलं याचा अर्थ लाईनमधलं डिझेल परत टाकीकडे उतरलं होतं आणि त्याच्या जागी हवा आली होती. फिल्टर बदलण्याच्या वेळची एअर आम्ही काढली होती. ही दुसरी होती, रोज नव्याने येणारी.

मी टॉर्च घेऊन सगळी लाईन पाहिली. कुठेही ओल नाही, थेंब नाही, डिझेलचा वास नाही. गळती असती तर दिसली असती, असंच आपल्याला वाटतं.

११ मे, शनिवार. बागेतून परत येताना गोंडखैरीच्या अलीकडे गाडी मेली. ऊन असं की बोनेटला हात लावता येत नव्हता. कडेला घेतली, हॅझार्ड लाईट लावले, मागे झाडाची फांदी टाकली, स्क्रू सैल करून बटण मारलं. फेसच फेस. एअर काढली, उठली, थोडं अंतर गेली, पुन्हा मेली. त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. गाडीपेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची. जुनी डिझेल गाडी असेल तर १० नंबरचा पान्हा, कापड आणि पाण्याची मोठी बाटली गाडीत ठेवाच, पण रस्त्याच्या कडेला वारंवार प्रयत्न करत बसू नका. शेवटी एका पिकअपवाल्या दादांनी दोर बांधून नागपूरजवळच्या वाडी गावापर्यंत ओढून आणलं. आठशे रुपये घेतले, आणि पाणीही त्यांनीच पाजलं.

वाडीला ट्रान्सपोर्टच्या गाड्यांची कामं करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. बाबांच्या ओळखीचे. मी काका म्हणते. त्यांनी बोनेट उघडण्याआधी विचारलं, "ताई, थंडीत त्रास का गरमीत? म्हणजे इंजिन गरम असलं का मग?" मी म्हटलं, थंड असताना, सकाळी. "मग पंप नाही मेला. घासलेला पंप गरम झाल्यावर रडवते. डिझेल गरम होऊन पातळ झालं का आतल्या आत निसटते, अन् गाडी उठत नाही. तुमची उलटी कहाणी आहे. पंपाले डिझेलच पोचून नाही राहिलं."

मग मी डायरीतल्या दोन ओळी सांगितल्या. ते हसले. "अर्धं काम तुम्हीच करून आणलं न जी."

त्यांनी जे समजावलं ते मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्यासारख्या गाडीत टाकीपाशी वेगळा पंप नसतो. पुढचा रोटरी पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी, फिल्टरसकट, ओढीखाली असते. त्या भागात कुठे फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फुटक्या नळीने शहाळं पिताना जसं पाणी कमी आणि वारा जास्त येतो, तसं. म्हणून ओल शोधायची ती पंपाच्या पुढे, जिथे दाब आहे. पंपाच्या मागे कोरडी फट शोधावी लागते, आणि ती डोळ्यांनी सापडत नाही.

सापडते ती पारदर्शक नळीने. काकांनी फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाईप काढून तिथे वीतभर पारदर्शक नळी बसवली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळून. इंजिन चालू केलं. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, बारीक बुडबुडे, अधूनमधून. रेस दिली तशी त्यांची माळच सुरू झाली आणि इंजिन गचके खाऊ लागलं. दोन महिने मी ज्याचा अंदाज बांधत होते ते समोर दिसत होतं.

आता हवा येते कुठून, ते. त्यांनी इंजिन बंद करून एक लिटरची बाटली स्वच्छ डिझेलने भरली, बोनेटच्या कडीला उंच टांगली आणि तिची नळी सरळ पंपाच्या इनलेटला, म्हणजे डिझेल आत घेणाऱ्या तोंडाला, जोडली. टाकी, लाईन, फिल्टर, सगळं बाजूला. एअर काढून सेल्फ मारला. जीप पहिल्या झटक्यात उठली, आणि काकांनी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी एक गचका नाही. "पाहा. चौदा हजार वाचले," एवढंच म्हणाले. पंप आणि नोझल ठीक होते.

मग बाटली फिल्टरच्या मागे जोडली. तरी ठीक, म्हणजे फिल्टर, त्याचं डोकं, बटण आणि आमचे वॉशर निर्दोष. मग गाडीखाली जाऊन टाकीवरून येणाऱ्या लोखंडी नळीच्या मागच्या टोकाला बाटली जोडली. बटण मारून ती पूर्ण लाईन भरायला वेळ लागला, पण भरल्यावर बुडबुडे नाहीत. म्हणजे पाच-सहा फुटांची लोखंडी नळीही ठीक. उरली फक्त टाकी आणि तिच्या डोक्यावरचा रबरी जोड. या तपासाला तास-दीड तास लागला आणि बाटलीभर डिझेल, नव्वदच्या आसपास रुपयांचं. कुठल्याही गॅरेजमध्ये पंप खोलायची भाषा निघाली तर आधी ही बाटलीची तपासणी करून मागा. अट एकच, बाटलीतलं डिझेल अगदी स्वच्छ हवं, कारण ते फिल्टरशिवाय पंपात जातं. आणि सीआरडीआय गाडीवर हा प्रयोग मुळीच करायचा नाही. तिथे लाईनमध्ये न गाळलेलं डिझेल घालणं म्हणजे महागड्या इंजेक्टरला माती चारणं.

टाकी उतरवायची तर ती शक्य तितकी रिकामी हवी. सुदैवाने माझ्या टाकीत दहाएक लिटरच होतं. गाडी इथे आणण्याआधी 'टाकी फुल करून पाहू' असा सल्ला मला तिघांनी दिला होता, तो ऐकला असता तर चाळीसेक लिटर डिझेल डब्यांत काढत बसावं लागलं असतं. टाकीच्या झाकणाचीही तपासणी काकांनी केली. झाकणातलं श्वासाचं छिद्र तुंबलं तर टाकीत निर्वात होऊन असाच त्रास होतो. गाडी थोडी चालवून झाकण उघडताना जोराचा 'स्स्स' आवाज आला तर तो संशयित. आमचं झाकण ठीक होतं.

टाकी खाली आली आणि दोन गुन्हेगार सापडले. टाकीच्या डोक्यावरचा रबरी वाकडा तुकडा बरोबर क्लिपेखाली चिरला होता. पंधरा उन्हाळे नागपूरचे, रबर तरी किती सोसणार. क्लिप काढेपर्यंत ती चीर दिसतच नव्हती. दुसरं, आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी काळ्या बुळबुळीत गाळाने जवळजवळ बुजली होती. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे बागेत उभी राहते. दिवसा तापते, रात्री निवते, आतल्या हवेतला ओलावा टाकीच्या भिंतींवर धरतो आणि पाणी तळाशी साचतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचाच हा चिकट गाळ. बरणीत दिसलेले काळपट कण तिथूनच आलेले.

हे दोन दोष एकमेकांना धरून होते. जाळी तुंबल्यामुळे पंपाला जास्त जोराने ओढावं लागत होतं, आणि जितकी ओढ जास्त तितकी चिरलेल्या रबरातून हवा जास्त. नुसतं रबर बदललं असतं तर बुडबुडे कमी झाले असते, पण ओव्हरटेक करताना दम तसाच सुटला असता. नुसती टाकी धुतली असती तर सकाळचा लांब सेल्फ राहिला असता. डायरीतल्या ओळींचा हिशेबही लागला: टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर, ओढ कमी. आणि गाडी तोंड वर करून उभी राहिली की इंजिनकडचं डिझेल रात्रीतून मागे टाकीत उतरायला मोकळं.

रविवारी पार्टचं दुकान बंद, म्हणून काम सोमवारवर गेलं. मधल्या वेळात टाकी धुऊन उन्हात सुकत पडली. काकांनी एक गोष्ट बजावली: डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करायला कुणाला देऊ नका, आतल्या वाफा पेट घेतात. रबराबद्दलही सांगते. दुकानात 'डिझेलचा पाईप' असं स्पष्ट म्हणून मागा. पाण्याचा किंवा वॉशरचा साधा रबरी पाईप डिझेलमध्ये फुगतो, मऊ पडतो आणि काही महिन्यांत पुन्हा तीच कथा. क्लिप पाईपच्या मापाची घ्या. मोठी क्लिप फार आवळली की ती एका बाजूने रबरात रुतते, आमचा तुकडा तिथेच चिरला होता. नोझलवरून परतीला जाणारी बारीक विणीची नळीही त्यांनी बदलायला लावली. तिच्यावर केसासारख्या चिरा होत्या, आणि गाडी उभी असताना त्यातूनही हवा शिरते.

सोमवारी, १३ मे रोजी, संध्याकाळी टाकी परत चढली आणि खरी एअर काढणी झाली. या वेळी लाईन टाकीपासून नोझलपर्यंत कोरडी. बटण मारून मारून हात भरून आला. फिल्टरपाशी एअर सुटल्यावर पंपाच्या इनलेटचा बोल्ट सैल करून तिथलीही काढली. इथे एक बारकावा आहे. रोटरी पंपाला डिझेल आत जाणारा आणि परत जाणारा असे दोन बोल्ट असतात, दिसायला सारखे. परतीच्या बोल्टवर 'आऊट' कोरलेलं असतं आणि त्याला मुद्दाम फार बारीक छिद्र ठेवलेलं असतं, पंपाच्या आतला दाब टिकावा म्हणून. दोघांची अदलाबदल झाली तर पंप उपाशी राहतो आणि माणूस पुन्हा टाकीपासून शोध सुरू करतो. उतरवतानाच खूण करून ठेवा.

शेवटची एअर नोझलच्या नटांवर. काकांनी चारही नट एकेक आटा सैल केले आणि मला सेल्फ मारायला बसवलं. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिटभर विसावा. नाहीतर सेल्फची मोटर तापते आणि बॅटरी बसते. आधी नटांपाशी काहीच नाही, मग ओल, मग फेस, मग सेल्फच्या तालावर डिझेलचे थेंब उडू लागले. एकेक नट आवळत गेले. तिसरा आवळताना इंजिन लंगडत उठलं, चौथा आवळला तशी चाल सरळ झाली. सुटलेलं डिझेल लगेच पुसून काढलं, विडी ओढणाऱ्या पोराला आधीच बाहेर पाठवलेलं होतं. नटापाशी बोट न्यायचं नाही, चेहरा वाकवायचा नाही, चष्मा घालायचा. नोझलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब इतका असतो की बारीक धार कातडी भेदून आत जाते. आणि तशी जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी थेट दवाखान्यात जायचं. सीआरडीआय गाडीत तर हा दाब हजार बारच्या वर जातो, तिथे हाय-प्रेशर नळ्यांना पान्हा लावायचाच नाही. त्या गाड्यांना एअर काढायची त्यांची पद्धत वेगळी, आणि अनेकांना टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो.

मंगळवारी सकाळी बटणाला हात लावला. कडक. अर्ध्या सेल्फमध्ये गाडी उठली. दोन-तीन दिवस पारदर्शक नळी तशीच ठेवून चालवली, एकही बुडबुडा दिसला नाही, मग ती काढून नेहमीचा पाईप घातला. पारदर्शक नळी तपासापुरतीच. इंजिनच्या उष्णतेत ती टिकत नाही.

पीयूसी १७ मेला झाली. दीडशे रुपये. आमच्यासारख्या बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे, आमचा आकडा १.६ च्या आसपास आला. चाचणीच्या आधी गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करून न्या, थंड इंजिन उगाच जास्त धूर दाखवतं.

त्याच दिवशी परिवहनच्या संकेतस्थळावर नूतनीकरणाचा अर्ज भरला. फी पाच हजार, स्मार्ट कार्डाचे दोनशे, पर्यावरण कर वेगळा. पैसे भरायच्या पायरीवर अर्ज अडला, कारण गाडीवर सीताबर्डीवरचं नो-पार्किंगचं जुनं ई-चलान निघालं. ते भरलं, पण नोंद सुटायला पूर्ण एक दिवस गेला. म्हणून अर्जाला बसण्याआधी चलान तपासा. नमुना २५, आरसी, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट, एवढं लागलं. प्रिंट घरूनच काढून नेला. नंबरावरचा गंज आणि ग्रीस आधी रॉकेलच्या फडक्याने पुसावं लागलं, नाहीतर कागदावर काही उमटत नाही.

तपासणी गिरीपेठच्या आरटीओ कार्यालयात, २२ मेला. अकराची वेळ होती, नंबर आला एकच्या पुढे. सावली कमी, गाड्यांची रांग उन्हात. इंजिन चालू ठेवून एसीत बसणारे बसले होते, आमच्या जीपला एसी नाही. रुमाल, पाणी आणि कांदा, नागपुरी बंदोबस्त. निरीक्षकांनी चॅसी नंबर जुळवला, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक पाहिले, इंजिन सुरू करायला सांगितलं, थोडी रेस द्यायला सांगितली. मी पारदर्शक नळीत पाहावं तशी सवयीने बोनेटकडे पाहिलं. एक मागचा इंडिकेटर पेटत नव्हता, तो बल्ब शेजारच्या टपरीवरून आणून तिथेच बदलला. चाळीस रुपये. तपासणीला जाण्याआधी सगळे दिवे कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्या.

२८ मेला ऑनलाइन नोंदीत पुढच्या पाच वर्षांची मुदत दिसू लागली. कार्ड पोस्टाने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. मधल्या काळात पावती गाडीत ठेवली.

गाडीचा खर्च: फिल्टर आणि वॉशर मिळून सव्वापाचशेच्या आसपास, ओढून आणायचे आठशे, पाईप-क्लिपा-बारीक नळी सहाशेच्या आत, काकांची मजुरी टाकी उतरवून धुण्यासकट अठराशे. वर वाया गेलेलं डिझेल. टाकीतून निघालेलं जुनं डिझेल परत घातलं नाही, ते काकांनी पार्ट धुवायला ठेवून घेतलं.

एक काम राहिलं आहे. टाकीकडे परत जाणाऱ्या लाईनचा मागचा रबरी तुकडा अजून जुनाच आहे. काका म्हणाले, अजून वर्षभर जाईल, पण लवकर बदललेला बरा. मीटरभर डिझेलचा पाईप आणून ठेवला आहे. त्याच दिवशी फिल्टरच्या बुडाचं पाणी बरणीत काढून पाहायचं आहे, आणि गाडी बागेत सोडून येताना टाकी पाऊण तरी भरलेली ठेवायला गड्याला सांगायचं आहे.